इंगळेभाऊंचा पडेल सिनेमा

इंगळेभाऊंनी मेहकरच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं लोकांचे एक्स-रे काढले. एकतीस वर्षं ते दिवसभर तेच तीन शब्द म्हणत आले: "घ्या. रोका. सोडा." श्वासाबद्दल. निवृत्त झाल्यावरही हे शब्द त्यांच्या तोंडून जाईनात. सिनेमातला एखादा प्रसंग रंगत आला की ते खुर्चीत पुढे सरकून हळूच म्हणत, "रोका..." आणि प्रसंग संपला की, "हां, सोडा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. मग एकदा माझ्या लक्षात आलं, त्यांनी 'रोका' म्हटलं की मी खरंच श्वास रोखून धरतो.

त्यांच्याविषयी लिहायचं मी बरेच दिवस टाळत आलोय. त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर स्वतःविषयीही खरं लिहावं लागतं, आणि ते मला जमत नव्हतं.

मेहकरच्या बस स्टँडसमोर फारुकचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या वडिलांच्या काळात तिथे व्हिडिओ लायब्ररी होती. लायब्ररी गेली, पण माडीवरच्या खोलीत एक जुना टीव्ही, एक डीव्हीडी प्लेअर आणि कोणी परत न नेलेल्या डिस्कांचे खोके राहिले. रविवारी सकाळी दहाला आम्ही तिथे जमायचो. मी गावातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. फारुक खाली गिऱ्हाईक नसेल तेव्हा वर यायचा. आणि इंगळेभाऊ. मधूनमधून आणखी कोणी यायचं, पण टिकायचो आम्ही तिघंच. आमचा नाद एकच होता, अवकाशातले, यंत्रमानवांचे, परग्रहांचे सिनेमे. तेही गाजलेले नाहीत. गाजलेल्यांवर बोलायला सगळं जग बसलंय, असं फारुक म्हणायचा. आम्ही पडलेले, विसरलेले, थेट डिस्कवर येऊन तिथेच मेलेले सिनेमे शोधायचो.

डिस्का इंगळेभाऊ आणायचे. लेकीकडे खामगावला गेले की तिथल्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगातून चार-सहा उचलून आणत. त्या ते दवाखान्यातल्या खाकी पाकिटांत ठेवत. एक्स-रे घालून देतात ना, तसली मोठी पाकिटं. त्यावर आधीच छापलेलं असायचं: नाव, वय, तक्रार, निदान. इंगळेभाऊ ते रकाने इमानेइतबारे भरत. नाव म्हणजे सिनेमाचं. वय म्हणजे किती वर्षांपूर्वीचा. तक्रार: 'शेवट घाईत उरकला.' निदान: 'पैसे संपले असावेत. पेशंट मूळचा सशक्त.' एका पाकिटावर तक्रार होती, 'नायक फार बोलतो', आणि निदान, 'भीती.' ते वाचून मी तो सिनेमा पुन्हा पाहिला होता. निदान बरोबर होतं.

सिनेमा चांगला की वाईट हे ते कधी सांगत नसत. फारुक खोदून विचारायचा, "भाऊ, एका शब्दात सांगा ना, कसा हाय?"

"एका शब्दात डॉक्टर सांगते," इंगळेभाऊ म्हणायचे. "मी प्लेट पाह्यनारा मानूस. मी फक्त कुठं काय दिसून राह्यलं थे सांगतो."

पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात कॅनव्हासचे बूट. उंचीने कमी. बोलताना ते उजवा हात समोर धरत, जणू त्यात एखादी प्लेट आहे आणि ते ती उजेडाकडे करून बघतायत. आणि एक गोष्ट ठरलेली. साडेबाराला ते उठत. सिनेमा कुठेही असो, अंतराळयान सूर्यात कोसळत असो, साडेबारा वाजले की उरलेला चहा संपवून "चला, येतो" म्हणत जिना उतरत. शेवट ते पुढच्या रविवारी आमच्याकडून ऐकून घेत, नाहीतर डिस्क घरी नेत. आम्ही चिडवायचो.

"वहिनीची हजेरी लागते वाटतं," मी म्हणायचो.

"हाव ना," ते हसून म्हणायचे. "लयच कडक हाय."

त्यांच्या घरी आम्ही कोणी कधी गेलो नव्हतो. त्यांनी बोलावलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. फारुकने एकदा ईदचा शीरखुर्मा घेऊन जायची तयारी केली, तर इंगळेभाऊ स्वतःच दुकानात डबा घेऊन हजर. "तुमी कायले तरास घेता, मी नेतो." त्यात काही असेल असं आम्हांला वाटलंही नाही.

ज्या सिनेमावरून पुढचं सगळं घडलं, त्याचं डिस्कवरचं हिंदी नाव होतं 'लोहे का सुहाग'. कव्हरवर एक यान, एक स्फोट आणि बंदूक घेतलेली बाई. सिनेमात या तिन्हींपैकी काहीच नाही. एका जुन्या, कृष्णधवल परदेशी सिनेमाची ती नवी आवृत्ती होती. जुना सिनेमा आमच्यासारख्यांच्या जगात नावाजलेला. गोष्ट अशी: दूरच्या ग्रहावर एक खाण. तिथे काम करणारा एक माणूस अपघातात मरतो. खाणीचे मालक ही बातमी दाबतात आणि त्याच्या बायकोकडे हुबेहूब त्याच्यासारखं यंत्र पाठवून देतात. जुन्या सिनेमात शेवटाला तिला कळतं. नवरा डावखुरा होता, हा उजव्या हाताने जेवतो! ती किंचाळते, संगीत कडाडतं, ती त्याला भट्टीत ढकलते. नवा सिनेमा तीच गोष्ट सांगतो, पण त्यात किंचाळी नाही, भट्टी नाही. शेवटी दोघं जेवायला बसलेली असतात आणि सिनेमा संपतो. तो कुठल्याच थिएटरात लागला नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी नावं ठेवली. मीही ठेवली.

"मूळ सिनेमाचा जीवच काढून घेतलाय," मी म्हणालो. "सगळी गंमत त्या बाईला कळण्यात होती. इथे तिला कळतच नाही. आणि ती नटी! दगड बसवल्यासारखी बसलीय."

"डायरेक्टर झोपला होता, दुसरं काय," फारुक म्हणाला.

इंगळेभाऊंनी प्लेट धरल्यासारखा उजवा हात समोर धरला. मग म्हणाले, "सर, थिले कळते."

"कधी?"

"पयल्यापासून. यंत्र घरात आलं, थ्या पयल्याच जेवनापासून."

"मग ती बोलत का नाही?"

"थेच तर सिनेमा हाय ना. थे ग्लास पाहा तुमी. पान्याचा ग्लास."

मी हसलो. फारुकने सिनेमा मागे नेला, पण तेवढ्यात खालून गिऱ्हाइकाची हाक आली आणि घड्याळात साडेबारा झाले. इंगळेभाऊ उठले. दारातून वळून म्हणाले, "ग्लास पाह्यजा."

मी पाहिला नाही.

माझं शिक्षण पुण्यात झालं. सहा वर्षं मी तिथे होतो. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी "मले" म्हणालो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ते शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. दोन महिन्यांत मी "मला" म्हणायला शिकलो. आईशी फोनवर बोलतानासुद्धा खोलीबाहेर जायचो. पुण्यातल्या सिनेमावेड्या मित्रांचं एक मंडळ होतं. ते पुढे टाळेबंदीच्या दिवसांत दर रविवारी ऑनलाइन जमायला लागलं. त्यांनी एकदा मला सूत्रसंचालन दिलं. विषय मीच सुचवला होता, नापास झालेले रिमेक. एखादा माणूस 'लोहे का सुहाग'च्या बाजूने बोलणारा हवा होता. मी इंगळेभाऊंना विचारलं.

ते एवढे खूष झाले की मला आत्ताही तो चेहरा आठवला की खाली बघावंसं वाटतं. "मी? पुन्याच्या लोकांसमोर?" म्हणाले. फारुकने त्यांना आपल्या फोनवर जोडून दिलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केलेली होती, केसांना तेल होतं. मागे फारुकच्या माडीची भिंत. हातात खाकी पाकीट, त्यावर बारीक अक्षरात मुद्दे काढलेले.

सुरुवात बरी झाली. "नमस्कार. मी मेहकरहून बोलून राह्यलो," ते म्हणाले. "लोक म्हनतात थ्या बाईले कळत नाई. मी म्हनतो कळते. काऊन? तर ग्लास."

'काऊन' म्हणजे आमच्याकडचं 'का'. कोणीतरी खुदकन हसलं. पडद्यावरच्या एका चौकटीत एक बाई तोंडावर हात धरून हसत होती. खाली कोणीतरी लिहिलं, 'काऊन??' आणि त्यापुढे हसणारे चेहरे. मंडळाचे एक जुने सदस्य फार सौजन्याने म्हणाले, "काका, ते परत एकदा म्हणा ना. काय शब्द होता तो?"

इंगळेभाऊंना वाटलं, आवाज नीट पोचला नसेल. ते फोनच्या जवळ आले आणि मोठ्याने म्हणाले, "काऊन."

सगळे हसले. आणि त्यांच्याबरोबर मी हसलो. नुसता हसलो नाही. मी म्हणालो, "इंगळेभाऊ आमच्याकडचे अगदी ओरिजिनल आहेत. सबटायटल्सची सोय करायला हवी होती."

हे वाक्य मी शुद्ध बोललो. त्यातला प्रत्येक उच्चार पुण्याचा होता. माझी आई त्याच वेळी पलीकडच्या खोलीत कोणाला तरी सांगत होती, "थो मिटिंगमधी हाय."

इंगळेभाऊ थोडं हसले. मग पुढे बोलू लागले. पण आता ते शब्द शोधत होते. "म्हणजे... ती बाई जी आहे... तिला माहीत... माईत असते..." त्यांना आमच्यासारखं बोलायचं होतं आणि येत नव्हतं. मला ते ऐकवेना. पुढचे वक्ते खोळंबले होते, असं मी स्वतःला सांगितलं. "वेळेअभावी आपण इथे थांबू," म्हणालो आणि त्यांचा आवाज बंद केला. त्यांना ते कळलं नाही. ते बोलतच राहिले. पुढचा माणूस बोलायला लागला, तरी त्यांच्या चौकटीत त्यांचे ओठ हलत होते. मध्येच त्यांनी पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं, त्यावर ताट आणि ग्लास यांचं पेनाने काढलेलं चित्र होतं. दोनेक मिनिटांनी फारुकचा हात आला आणि चौकट काळी झाली.

पुढच्या रविवारी ते आले. नेहमीसारखेच. मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी जरा गडबड झाली."

"नाई नाई, मस्त झालं," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी एकट्याने सिनेमा पुन्हा लावला. ग्लास पाहिला.

पहिल्या जेवणात ती बाई सवयीने नवऱ्याच्या डाव्या हाताशी ग्लास ठेवते. यंत्र जेवू लागतं. ती बघते. चेहऱ्यावर काही नाही. ती उठते, मीठ आणते, आणि परत बसता बसता ग्लास उचलून त्याच्या उजव्या बाजूला ठेवते. कॅमेरा जवळ जात नाही, संगीत नाही, पापणी हलावी एवढाच वेळ. त्यानंतर साऱ्या सिनेमाभर ती ग्लास उजवीकडेच ठेवते. म्हणजे तिला पहिल्या दिवशी कळलंय, की आपला माणूस गेला. आणि समोर आहे त्याला तहान लागेल म्हणून ती पाणी सरकवते. नटी दगडासारखी नव्हती. मी आंधळा होतो.

त्यानंतर मी जे केलं ते हसण्याहून वाईट होतं. मी त्यावर लेख लिहिला. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तो छापून आला, माझ्या फोटोसह. 'दुसऱ्यांदा पाहताना माझं लक्ष एका ग्लासाकडे गेलं', असं पहिलं वाक्य. इंगळेभाऊंचं नाव कुठेच नव्हतं. लिहिताना एकदा मनात आलं होतं. मग वाटलं, मेहकरचे एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ असं घातलं की लेखाचा सूर जातो. पुण्याच्या मंडळातल्या त्याच सदस्यांचा फोन आला, "काय नजर आहे हो तुमची!" मी आभार मानले.

फारुकच्या माडीवर ती पुरवणी होती. इंगळेभाऊंनी चष्मा लावून पूर्ण लेख वाचला. वाचताना बोट ओळीखालून फिरत होतं. फारुक माझ्याकडे बघत होता, मी टीव्हीकडे. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडीवर घडी करून ठेवला.

"चांगलं लिवलं सर," ते म्हणाले.

त्या दिवशी ते साडेबारापर्यंत थांबले नाहीत. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फारुक एवढंच म्हणाला, "सर, मी काई बोलत नाई. पन तुमाले समजते."

महिनाभराने मी त्यांची एक डिस्क परत करायचं निमित्त करून त्यांच्या घरी गेलो. दुपारचा पाऊण वाजला असेल. दोन खोल्यांचं बैठं घर, दार उघडं, दारावर पातळ पडदा. हाक मारणार तेवढ्यात आतलं दिसलं आणि मी थबकलो.

इंगळेभाऊ आतल्या खोलीच्या उघड्याच दारावर टकटक करत होते. स्वतःच्या घरात.

"येऊ का बाई?" त्यांनी विचारलं.

आत खाटेवर एक बाई बसलेल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळाला कुंकू. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला.

"या," त्या म्हणाल्या. "माहे मालक आले का हो दवाखान्यातून?"

"येतीलच आता. आज गर्दी हाय थ्यायले. तुमी जेवून घ्या म्हनून निरोप धाडला."

"तुमी कोन?"

"मी दवाखान्यातलाच बाई. थ्यायच्या हाताखाली असतो."

त्यांनी स्टुलावर ताट ठेवलं. पाण्याचा ग्लास सवयीने उजवीकडे ठेवला गेला. मग त्यांनी तो उचलला आणि डावीकडे ठेवला. "मालक लय चांगले हायेत तुमचे," ते भाकरी कुस्करत म्हणाले. बाई लाजून हसल्या. "हाव," म्हणाल्या. "पन येळेवर येत नाईत."

मी आत गेलो नाही. डिस्क घेऊन तसाच परतलो. बस स्टँडपर्यंत आलो तेव्हा कळलं की मी चप्पल फरफटत चालतोय. पाहिलं ते फारुकला सांगितलं, तर तो खाली मान घालून फोनचे स्क्रू काढत राहिला. पुढे त्याला इंगळेभाऊंच्या शेजाऱ्यांकडून एवढं कळलं, की वहिनींना लकवा होऊन सहा वर्षं झाली. हात आधी गेला, ओळख हळूहळू गेली. शेजारची बाई रविवारी दहा ते पाऊण बसायची. तेवढे पावणेतीन तास इंगळेभाऊ आमचे असत.

माफी मागायची मी रोज ठरवत होतो. कसं सुरू करायचं यावर वाक्यं जुळवत होतो. असे चार महिने गेले.

मग एका सकाळी कॉलेजला जाताना ते मला बस स्टँडवर दिसले. दोन पिशव्या, एक गुंडाळलेली सतरंजी आणि हाताला धरलेल्या वहिनी. लेकीकडे निघाले होते, खामगावला, कायमचे. एकट्याने होईना, असं म्हणाले. गाडी लागलेली होती. त्यांनी वहिनींना खिडकीशी बसवलं आणि पिशवी घ्यायला खाली उतरले. जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

"भाऊ, मी चुकलो," मी म्हणालो. "तुमच्यावर हसलो. मले माफ करा."

बऱ्याच वर्षांनी मी घराबाहेर 'मले' म्हणालो होतो. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही.

मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ द्या सर, काही नाही. तशी त्यांची रीत होती. पण ते सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "हाव. वाईट वाटलं मले. खोटं काऊन बोलू?"

मी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघत होतो.

"हासन्याचं एवढं काई नाई. लोक हासतात. दवाखान्यात मले सायेबही हासायचे." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पन ग्लासचं तुमी लिवलं ना सर, थे मी सिनेमात पाह्यलं नव्हतं. थे घरी पाह्यलं होतं. घरचं कोनाले सांगता येत नाई. म्हनून सिनेमाचं म्हनून सांगतलं."

"मला ठाऊक नव्हतं भाऊ."

"ठाऊक नव्हतं थे खरं हाय," ते म्हणाले. "पन माहं होतं, एवढं तं ठाऊक होतं."

कंडक्टरने बेल दिली. मी पिशवीला हात लावला, त्यांनी लावू दिला. आम्ही दोघांनी मिळून ती आत चढवली. खिडकीतून वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी इंगळेभाऊंना विचारलं, "हे कोन हायेत?"

मला वाटलं, आता काय सांगतील.

"हे सर हायेत," ते म्हणाले. "कॉलेजातले."

बस. त्यापुढे काही नाही. दोस्त नाही, आपले नाही. जेवढं खरं होतं तेवढंच.

गाडी सुरू झाली. त्यांना जागा नव्हती, ते वहिनींच्या सीटशी उभे होते. स्टँडवरची धूळ खिडकीतून आत उडत होती. त्यांनी वाकून काच ओढून पाहिली, दोन्ही हातांनी ओढली, ती जागची हलेना. मग त्यांनी ओढणं सोडलं आणि उघड्या खिडकीवर, वहिनींच्या चेहऱ्याजवळ, आपला उघडा पंजा आडवा धरला. गाडी फाटकातून बाहेर पडून खामगावच्या रस्त्याला वळली, तोवर तो पंजा मला दिसत होता.